सटवाईचं अक्षर आणि पुलाचा दगड

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

मु. पो. माळसांगवी, ता. जळकोट
फाल्गुन शुद्ध द्वितीया, गुरुवार

तीर्थरूप भुजंगदादांच्या चरणी धाकट्या रुक्मिणीचा दंडवत.

पाचवीच्या दिवशी तुम्ही स्वतः आणून पोचवलेलं सामान मिळालं. त्या गडबडीत मी नुसतं "ठेवा तिकडं" म्हणाले होते, म्हणून रीतसर पोच आता लिहिते. डिंकाचे लाडू दोन किलो, वहिनींच्या हातचे (डब्यात तीन लाडवांची जागा रिकामी होती, आणि तुम्हाला साखर आहे हे मी विसरलेले नाही). खारीक-खोबरं मिळून अंदाजे हजाराचं. बाळाला झबली चार, दुपटी दोन. आमच्या राजकन्येला साडी एक, नऊशे पन्नास (चिठ्ठी काढायची राहिली होती म्हणून कळलं). आणि पाटा-वरवंटा एक जोड, तुम्ही तोंडी सांगितल्याप्रमाणे साडेचारशे रुपये, "हिमायतनगरच्या बाजारात घासाघीस करून". हे सगळं आहेराच्या वहीत तुमच्या नावावर शाईनं लिहिलं आहे. शेवटची ओळ मात्र पेन्सिलीनं लिहिली आहे. ती पेन्सिलीनं का, हे सांगायलाच हे पत्र.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटलीच उशाशी ठेवून भागवता? इकडं बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळ (सध्या आम्ही चिमी म्हणतो) दिवसभर झोपते आणि आजोबांचा डोळा लागला की रडते, त्यामुळं आमचं दोघींचं आतापासूनच जमलं आहे. माझी पाठ मात्र धरली आहे. ती कशानं धरली हेही पुढं येईल.

फोन असताना पाच रुपयांचं पाकीट कशाला, असं तुम्ही म्हणाल. दादा, यांना ऐकू कमी येतं, म्हणून घरात आलेला प्रत्येक फोन हे मोठ्या आवाजावर टाकून ओसरीवर घेऊन बसतात. गेल्या महिन्यात वहिनींनी मला सांगितलेलं पोटाचं दुखणं संध्याकाळपर्यंत रेशन दुकानात पोचलं होतं. मोबाइलवर लिहावं तर आमच्या विहीणबाई, म्हणजे राजकन्येच्या सासूबाई चतुराबाई (बाळाला बघायला आल्या त्या अजून बघूनच राहिल्यात), माझ्या खांद्यावरून वाचतात. म्हणून कागद. शेजारी गौसियाच्या घरी बसून लिहिते आहे. घरी सांगितलं की शेवया करायला चालले. शेवया खरोखरच करते आहे. लिहिते त्याच हाताला पीठ आहे, अक्षर पुसट दिसलं तर समजून घ्या.

आता मुळापासून सांगते. आमच्या गावाबाहेरचा आठ कमानींचा दगडी पूल तुम्ही सतरा वेळा ओलांडला असेल. हे तहसीलच्या रेकॉर्डात पस्तीस वर्षं कारकून होते. रिटायर झाल्यावर घरात जुने कागद सापडेनात, तेव्हा पुलाच्या मागं लागले. पुलाच्या कठड्यात एक दगड होता, निजामाच्या वेळचा, उर्दूत काहीतरी कोरलेला. दर पोळ्याला कठड्याला चुना मारतात, तो त्यालाही लागायचा, त्यामुळं अक्षरं जवळजवळ बुजली होती. दिसली असती तरी गावात उर्दू वाचणारे दोन-तीनच. पण यांच्या घरात तीन पिढ्या असं सांगत आल्या की त्या दगडावर यांच्या आजोबांचं, मारोतरावांचं नाव आहे. ते पुलाच्या कामावर मुकादम होते म्हणे. (तुम्हाला आठवत असेल, माझ्या लग्नाच्या बैठकीत आपल्या आबांनी जमीन किती असं विचारलं, तर यांच्या वडिलांनी आधी दगड सांगितला आणि जमीन नंतर. जमीन कमी होती.) पुलाला यंदा शंभर वर्षं झाली. यांनी अकरा माणसांची शताब्दी समिती केली, सोमवारचा कार्यक्रम ठरवला, तहसीलदार साहेबांना बोलावलं आणि पत्रिका छापली. त्यात मारोतरावांचं नाव पुलाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

तर मंगळवारी, म्हणजे आपल्याकडं पाचवी त्याच दिवशी, समितीनं ज्ञानोबा गवंड्याकडून तो दगड कठड्यातून काढवला. नव्या चौकटीत बसवायचा होता. ज्ञानोबानं त्यावर ताज्या चुन्याचा एक जाड हात मारला, म्हणजे साहेबांना पांढराशुभ्र दिसावा, आणि वाळायला रस्त्याकडेच्या गवतावर आडवा ठेवला. मग अकरा सभासद आणि एक गवंडी असे बाराजण चहाला गेले. आमच्याकडं चहाला जाणे म्हणजे काय हे तुम्ही जाणता. दीड तासानं परतले तर गवत होतं, दगड नव्हता.

नेमके त्याच दीड तासात, दादा, तुम्ही तुमच्या सुदामचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन पुलावरून आलात. मी संशय घेत नाही. फक्त वेळ लिहिते.

आणि निम्मी चूक माझी आहे, तीही लिहिते. पाचवीला सटवाई पुजायची तर पाटा-वरवंटा लागतोच. तिच्यापुढं कोरा कागद आणि पेन ठेवायचं, मग ती येऊन बाळाचं नशीब लिहिते. आमचा पाटा यांनी नव्या न्हाणीत पाय घासायला बसवून टाकला, घरात मिक्सर. चतुराबाई म्हणाल्या, "आमच्यात मिक्सरवर सटवाई पुजत न्हाईत." मग मीच तुम्हाला फोन केला की एका दिवसासाठी कशाला विकत घेता, एखादा सपाट दगड बघून आणा. हे मी बोलले. स्पीकरवर बोलले. नशीब की हे तेव्हा पत्रिका वाटायला गेले होते. तुम्ही पाटा आणलात आणि चतुराबाईंसमोर साडेचारशे म्हणालात, तेव्हा माहेरचा मान राहिला म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी किमतीवर विश्वास ठेवला. (एरवी मी ठेवत नाही.) पाटा पांढुरका दिसत होता, मी नारळाच्या शेंडीनं घासून घेतला, दाट हळद सारवली, कुंकू वाहिलं, वरवंट्याला खण गुंडाळला, आणि कागद-पेन ठेवून दिवा लावला.

तेवढ्यात हे आले. चेहरा असा की मला वाटलं पेन्शन बंद झाली. दगड चोरीला गेला, शंभर वर्षांचा इतिहास गेला, आजोबा गेले (ते साठ वर्षांपूर्वीच गेले), आता साहेबांना काय रिकामी खाच दाखवू? असं बोलून यांनी सटवाईपुढं टोपी काढली, पाट्यावर डोकं टेकवलं आणि दगड सापडू दे म्हणून अकरा नारळांचा नवस बोलले. कपाळाला हळद लागली ती दुसऱ्या दिवसापर्यंत होती. दादा, ज्याच्यासाठी नवस बोलले त्याच्यावरच डोकं टेकून बोलले, हे आठवलं की मला अजून हसू येतं आणि लगेच देवाची क्षमा मागावी लागते.

पण त्याच संध्याकाळी एक वाईट गोष्ट झाली. समितीतल्या कुणीतरी डोकं चालवलं, की दगड लपवायचा तर दगडांतच लपवतील, आणि गावात दगड म्हणजे खाजामियाँचं फरशीचं दुकान. खाजामियाँ म्हणजे गौसियाचे मालक, यांचे बालमित्र, दोघं चौथीत एका पाटीवर लिहायचे. हे समितीला अडवतील असं मला वाटलं होतं. अडवलं नाही. वर स्वतः पुढं झाले. दुकानातल्या दोनशे चाळीस फरश्या एकेक करून उलटून पाहिल्या, दोन फोडल्या. खाजामियाँनी शेवटपर्यंत कंदील धरला, सगळ्यांना पाणी दिलं. नंतर शटर ओढलं ते ओढलंच. म्हणाले, "दगड मिळेपर्यंत मी चौकात येत न्हाई." बुधवारी दुकान बंद, गुरुवारी दुकान बंद. यांना घास जाईना, पण माफी मागायला पायही उचलेना. पुरुषांचं एक असतं बघा, चूक कळली की आधी गप्प बसतात आणि मग बायकोवर ओरडतात.

बुधवारी सकाळी काय झालं ते ऐका. मी आंघोळ करून पूजा उचलायला गेले तर कागद कोरा, पेन जागच्या जागी, आणि पाट्यावर पिवळ्या हळदीत लालभडक अक्षरांच्या चार ओळी! माझ्या हातातला तांब्या सुटला. चतुराबाई धावत आल्या आणि त्यांनी जे कान धरून लोटांगण घातलं ते उठेचनात. "लिव्हलं की वं! कागद पुरला न्हाई म्हून दगडावर लिव्हलं!" राजकन्या आतून विचारतेय काय झालं, चिमी रडतेय, आणि मी मॅट्रिक पास असून अक्षर लागेना. लागणार कसं, ते उर्दूत होतं. चतुराबाईंना याचं जरासुद्धा नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, निजामाच्या मुलखातली सटवाई हाय, तिचं शिक्षण त्याच शाळेत झालं असंल.

वाचायला गौसियाला बोलवावं लागलं. आदल्या संध्याकाळी तिच्या मालकाची अशी शोभा झालेली, तरी ती डोक्यावर पदर घेऊन आली. मला तिच्याकडं बघवेना. ती सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकली, वाचते, पण थांबत थांबत. एकेक शब्दावर बोट ठेवून तिनं वाचायला घेतलं आणि चतुराबाई शेजारी बसून अर्थ लावायला लागल्या. "आठ," गौसिया म्हणाली. चतुराबाई म्हणाल्या, आठव्या महिन्यात चालंल पोर. "कमान." कमावती होणार, मी म्हणलंच होतं! "सत्तावीस हजार." महिन्याला, चतुराबाईंनी जाहीर केलं, आणि मग जरा विचार करून, सुरुवातीला. "हाथी." दारात हत्ती झुलणार म्हणून चतुराबाईंनी माझे दोन्ही हात धरले, आणि लग्नात वरमाय म्हणून जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या, की तुमच्या पोरीचा पायगुण चांगला.

गौसियाचं बोट मात्र थांबलं होतं. तिनं ओळी पुन्हा मनात वाचल्या, माझ्याकडं बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "आपा, ये सटवाई नै लिखी. ये सरकार लिखी सो है. पुल का पत्थर है ये."

दादा, मला बसायला पाट लागला. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे ज्या बाईनं चाळीस वर्षं घरी कुंकू केलं तिला कळू नये! मी घासला तो वरचा चुना गेला होता. अक्षरांच्या खोबणीत ज्ञानोबाचा ताजा चुना तसाच होता, त्यावर माझी दाट हळद बसली, बाकी देवीनं काही करायचं उरलं नव्हतं. गौसियानं मला मग सगळा मजकूर सांगितला तो असा: माळसांगवीचा पूल, आठ कमानी, निजामाच्या तेराशे छत्तीस फसली सालात बांधून पुरा, खर्च सत्तावीस हजार, आणि या पुलावरून हत्ती व तीस मणांवर ओझं भरलेली बंडी नेण्यास मनाई आहे. (तुम्ही छोटा हत्ती नेलात, पण तो बहुधा यात धरत नसावेत.) मी विचारलं, आणि मारोतरावांचं नाव? ती म्हणाली, "नाम किसीका नै, आपा. ठेकेदार का भी नै."

म्हणजे बघा, समितीच्या अध्यक्षाच्या घरात, त्यांच्याच नातीच्या उशाशी चोरीचा दगड; तो आणणारा माझा सख्खा भाऊ, गळ्यात तुळशीची माळ, गावोगाव कीर्तनात टाळ धरणारा; आणि ज्या आजोबांसाठी हे सगळं चाललंय ते आजोबा दगडावर नाहीतच. आणि हे सगळं जिला ठाऊक, तिच्या नवऱ्याच्या दोनशे चाळीस फरश्या माझ्या नवऱ्यानं उलटलेल्या. तिनं तिथून नुसती हाक मारली असती तरी खाजामियाँ सुटत होते, आणि तुमचं नाव जळकोट तालुक्यात झालं असतं. यांनी तर मरेपर्यंत माझ्या माहेराला दगडचोर म्हटलं असतं (सध्या नुसतं चिक्कू म्हणतात). मी तिचे पाय धरायला वाकले, तर ती म्हणाली, "नक्को आपा, पहले दुकान तो खुलने दो." आणि चतुराबाईंकडं वळून गंभीरपणे सांगितलं की असं लिखाण परक्यानं पाहिलं तर पुसलं जातं, झाकून ठेवा. चतुराबाईंनी लगेच त्यावर माझी नवी सतरंजी टाकली.

दगड परत न्यायचा ठरलं, पण कसा? पुलावर समितीनं पहारा बसवला होता. कशावर, तर रिकाम्या खाचेवर. दोन दिवस पाळीपाळीनं बसून होते. शेवटी शुक्रवारी गौसियानं दुकानाची हातगाडी काढली. दगड तळाला, त्यावर बाळंतिणीच्या गोधड्या, आणि आम्ही दोघी ओढ्यावर धुणं धुवायला निघालो. पाठ तेव्हा धरली. चतुराबाईंना सांगितलं की लिखाण पुरं झालं की पाटा वाहत्या पाण्याला दाखवावा लागतो. (हे खोटं नाही, आम्ही दाखवला.) त्या दिवशी एकादशी होती, आणि एकादशीला मी खोटं बोलत नाही हे तुम्ही लहानपणापासून पाहताच. त्यामुळं सगळं काम खरं बोलूनच करायचं होतं, आणि त्यात फार डोकं लागतं.

पुलावर हे आणि समितीतले तिघे बसलेले. यांनी विचारलं, एवढी जड काय गाडी? मी म्हटलं, ओझं आहे, ते जिथलं तिथं टाकून मोकळी होते. यांना ते गोधड्यांबद्दल वाटलं. मग मी म्हटलं, घरी चुलीवर चहा ठेवून आलेय, विहीणबाई वाट बघतायत. खरंच ठेवून आले होते. चौघेही उठले. दादा, जो चहा घेताना दगड गेला तोच चहा घेताना तो परत आला. आम्ही दोघींनी तो कसाबसा खाचेत टेकवला, आणि नंतर गोधड्याही धुतल्या, नाहीतर धुवायला जाते म्हटलेलं खोटं ठरलं असतं.

फक्त हळद-कुंकू पुसायचं राहिलं. हे परतले तर रिकाम्या खाचेत दगड उभा, पिवळा, आणि त्यावर लाल अक्षरं पेटल्यासारखी. यांनी आधी हात जोडले. मला म्हणाले, तू इथंच होतीस, कोण आलं होतं? मी म्हटलं, मी मान खाली घालून धूत होते, वर बघितलं नाही. (खरं.) कुणी ठेवला असंल? देव जाणे, मी म्हटलं. (तो जाणतोच.) तासाभरात सगळं गाव गोळा झालं. पूल जागृत आहे असं ठरलं, बायका ओट्या घेऊन आल्या, यांनी नवसाचे अकरा नारळ फोडले, आणि ज्ञानोबानं स्वतःहून कबूल केलं की मंगळवारीच दगडाला हात लावताना त्याच्या अंगावर काटा आला होता. फक्त पुलालगतच्या शेताचे मालक, धोंडप्पा आणि त्याचा भाऊ भीमा, यांनी प्रसादसुद्धा वेगवेगळ्या बाजूनं घेतला. त्यांचं बांधावरून नेहमीचंच चालू असतं, सध्या जरा जास्त आहे.

एकादशीचा माझा उपास होता, यांचा नव्हता. मी संध्याकाळची चूल पेटवली नाही. सांगितलं, देवानं दगड परत दिला आणि तुम्ही अजून मित्र परत आणला नाही. खाजामियाँच्या दारात जाऊन या, मग पीठ मळते. दोन तास धुसफुसले. शेवटी दोन फरश्यांचे पैसे खिशात घालून, टोपी हातात घेऊन गेले. मी भिंतीला कान लावून होते, तिकडून गौसिया. खाजामियाँ म्हणाले, "कारकून, दोसो चाळीस फरशी पलटाया तू. मेरेकू एक बार पूछता तो मैं एकसो बीस पलटाता, आधा काम हो जाता." नंतर नाक शिंकरल्याचा आवाज आला, तो यांचा. शनिवारी दुकान उघडलं.

सोमवारी कार्यक्रम झाला. मांडव, हार, लाउडस्पीकर. साहेबांनी दगडावरचं फडकं काढलं आणि सहज विचारलं, काय लिहिलंय? अकरा सभासद एकमेकांची तोंडं बघायला लागले. वर्षभर दगडावर भाषणं केली, पण वाचायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. यांनी माइक सोडला, खाली मागच्या रांगेत गेले आणि खाजामियाँना हाताला धरून वर आणलं. पत्रिकेत मोठ्या अक्षरात मारोतराव, समोर साहेब, आणि आता सगळ्या गावापुढं कळणार की नाव नाही. खाजामियाँनी वाचलं. आठ कमानी वाचल्या, सत्तावीस हजार वाचले, हत्ती वाचला तेव्हा चतुराबाईंनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मी ओढ्याकडं पाहत होते. शेवटच्या ओळीवर ते जरा थांबले. यांच्याकडं बघितलं. मग दगडावर बोट फिरवत स्वच्छ आवाजात म्हणाले, "और नीचे लिखे सो है, निगरानी मुकादम मारोतराव, साकिन माळसांगवी."

टाळ्या थांबेनात. हे साठीपुढचे गृहस्थ, तहसीलदारांसमोर लहान पोरासारखे रडले. मी गौसियाकडं बघितलं. ती पदर सारखा करत म्हणाली, "मियाँ कू अब चष्मा लगाना पडता आपा." यापुढं त्या विषयावर आम्ही काही बोललो नाही, आणि तुम्हीही बोलू नका.

तर असं सगळं गोड झालं. दगड जागेवर, दुकान उघडं, आजोबा अमर, आणि तुमचं नाव कुठंही आलेलं नाही. चतुराबाईंना मी एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी सांगितलं की सटवाईनं लिहिलेलं पुलानं ठेवून घेतलं. त्या आता रोज पुलाला उदबत्ती लावतात. वरवंटा तेवढा घरी आहे. तो तरी बाजारातला खराखुरा आहे, त्यातच समाधान. वहिनींना नमस्कार, सुदामला आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल.

तुमची
रुक्मिण

ता. क. पाट्याची ओळ वहीतून खोडली आहे. तुमच्या परत-आहेरासाठी धोतरजोडी काढून ठेवली होती, तिचा आता टॉवेल झाला आहे. राग मानू नका, जावळाच्या वेळची तुमची मानाची टोपी तशीच आहे.

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवायच्या आधी कागद बाहेर काढून पुन्हा लिहिते आहे. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलंय. बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात, म्हणून उरलेल्या कापडातून त्याला टोपरं शिवायला घेतलं होतं. आज माप घ्यायला खण सोडून त्याच्या डोक्याकडं नीट पाहिलं. दादा, वरवंट्याच्या टोकाला छिन्नीची फुली आहे. फुलीत तांबडा रंग आहे. असा रंग मोजणीवाल्यांशिवाय कुणी लावत नाही. खालचा निम्मा भाग मातीत पुरून राहिल्यासारखा काळा आहे.

आणि धोंडप्पा व भीमा यांचं जे "सध्या जरा जास्त" मी वर लिहिलं, ते त्याच मंगळवारपासून आहे. दोघांच्या शेतांमधला हद्दीचा दगड रात्रीतून दुसऱ्यानं उपटला असं दोघंही म्हणतात. काल कुऱ्हाडीपर्यंत गेलं होतं. सख्खे भाऊ आहेत, दादा, एका ताटात जेवलेले. यांनीच मध्ये पडून पंधरा दिवसांनी मोजणी ठेवली आहे, त्यांच्या शताब्दी समितीचं नाव आता शांतता समिती. मला आणि गौसियाला तो दगड त्याआधी परत रोवायचा आहे, पण वीतभर इकडं-तिकडं झाला तर जन्माचं पाप. पुढच्या एकादशीपर्यंतच मला खोटं बोलता येईल.

वरवंटा तोवर टोपरं घालून पाळण्यात निजवला आहे. कुणी डोकावलं तर बाळ झोपलंय म्हणते.

तरी एवढंच उलट टपाली कळवा: उपटलात तो त्यांच्या बांधावरच्या बाभळीच्या उगवतीला की मावळतीला, आणि बुंध्यापासून किती पावलांवर. उत्तर गौसियाच्या पत्त्यावर घाला, यांना दुसऱ्यांची पत्रं मोठ्यानं वाचायची सवय आहे. पोस्टकार्ड चालेल, पाकिटाला पाच रुपये घालवू नका. फक्त त्यावर दगड हा शब्द लिहू नका. पोस्टमन धोंडप्पाचा जावई आहे.